टर्मिनलवर नुसतं खेळायचं असेल तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवली, टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी उघडली, आणि तुम्ही व नववीतली तुमची मुलगी दोघंही त्या लुकलुकणाऱ्या कर्सरकडे बघत बसलात. तिला क्लास नको, प्रमाणपत्र नको. रविवारी दुपारी तासभर मजा यावी असं या काळ्या पडद्यावर काही करता येतं का?

येतं, भरपूर येतं. मी बावीस वर्षं सर्व्हर सांभाळायचं काम करतो. आठवडाभर हाच पडदा समोर असतो आणि सुट्टीच्या दिवशीही मी तोच उघडतो, कारण त्यात मला अजून गंमत वाटते. म्हणून जरा लांबलचक लिहितो. कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजीत आणि सगळी अक्षरं लहान घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे 'शंभर उपयुक्त कमांड' असल्या याद्या सध्या बाजूला ठेवा. यादी पाठ करून टर्मिनलची गोडी लागलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. एखादं खेळणं घ्यायचं, ते कुठे अडतं किंवा वाकडं वागतं ते बघायचं आणि नेमकं तिथे खणायचं, एवढंच करा.

आजच्या दुपारी चार खेळणी बसवून घ्या: 'एसएल', 'काउसे' (सी-ओ-डब्ल्यू-एस-ए-वाय), 'फॉर्च्यून' आणि 'बीएसडीगेम्स'. सगळी मिंटच्या भांडारात आहेत, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे नाव दिलं की येतात. बसवल्यावर 'कमांड सापडली नाही' असं दिसलं तर बहुधा तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, होऊन बसला आहात. खेळांचे प्रोग्राम यूएसआर फोल्डरमधल्या 'गेम्स' या वेगळ्या कप्प्यात जातात आणि रूटच्या शोधमार्गात, म्हणजे कमांड कुठे शोधायची त्या जागांच्या यादीत, तो कप्पा सहसा नसतो. साध्या खात्यातून चालवा, चालतील.

'एसएल' लिहून एंटर दाबा. पडद्यावरून उजवीकडून डावीकडे वाफेचं इंजिन धडधडत जाईल, धूर सोडत. हे लिहिलं तोयोदा मासाशी या जपानी प्रोग्रामरने. फोल्डरातल्या फाइली बघायची रोजची कमांड आहे 'एलएस'. घाईत बोटं उलटसुलट पडली की 'एसएल' होतं आणि मग गाडी जाईपर्यंत थांबावं लागतं. जपानमध्ये वाफेच्या इंजिनाला एसएलच म्हणतात, त्यामुळे नावही चपखल बसलं. मुलीला सांगा की याला वजा चिन्ह आणि 'ए' जोडून बघ, मग वजा चिन्ह आणि मोठं 'एफ'. काय होतं ते मी सांगत नाही. पण कमांडपुढे वजा चिन्ह लावून तिचं वागणं बदलता येतं, ही गोष्ट तिला त्या दोन प्रयत्नांत कळेल आणि पुस्तकातल्या पानभर व्याख्येपेक्षा पक्की बसेल.

'काउसे'पुढे एखादं वाक्य लिहिलं की चिन्हांनी काढलेली गाय ते वाक्य चौकटीत बोलते. टोनी मन्रो यांनी पर्ल भाषेत लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम. 'फॉर्च्यून' दरवेळी एक नवं वचन काढून देतो. तो तर लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स या प्रणालीच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीतही होता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण हे सगळे रिकामटेकडे चाळे आहेत असं घरात कुणीतरी म्हणेलच. युनिक्सचा जन्मच एका खेळाच्या आसपास झाला. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्पसन यांनी सूर्यमालेत यान फिरवायचा 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला होता. तिथल्या मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळला की सुमारे 75 डॉलरचा यंत्रवेळ खर्च व्हायचा. म्हणून त्यांनी कोपऱ्यात फारसं कुणी वापरत नसलेलं एक छोटं पीडीपी-7 यंत्र शोधलं आणि खेळ तिकडे नेला. त्या खटाटोपात ते यंत्र त्यांच्या हातात बसलं आणि त्याच यंत्रावर पुढे युनिक्स उभं राहिलं. तुमच्या मिंटचं घराणं तेच आहे. तेव्हा रविवारी दुपारी खेळायला बसण्यात कसलाही संकोच नको.

आता खेळणं आपलं करूया. 'फॉर्च्यून'मधली वचनं इंग्रजी आहेत. त्यांच्या जागी आपल्या म्हणी भरा. एका साध्या फाइलमध्ये एक म्हण लिहायची, खालच्या ओळीवर फक्त टक्क्याचं चिन्ह, मग पुढची म्हण. 'कामापुरता मामा', 'आयत्या बिळात नागोबा', 'नाचता येईना अंगण वाकडे', आजीला विचारून पन्नासेक तरी जमवा. मग त्या फाइलवर 'स्ट्रफाइल' (एस-टी-आर-एफ-आय-एल-ई) ही कमांड चालवा, ती सूची तयार करते. त्यानंतर 'फॉर्च्यून'पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला की दरवेळी एक म्हण. शेवटी 'फॉर्च्यून'चं बोलणं गाईच्या तोंडी द्यायचं. त्यासाठी दोन कमांडांच्या मध्ये ती उभी रेघ टाकायची, जिला 'पाइप' म्हणतात. डावीकडच्या कमांडीतून जे बाहेर पडतं ते उजवीकडचीच्या तोंडात जातं.

गाय म्हण सांगेल, पण चौकटीची उजवी बाजू बऱ्याच म्हणींना वाकडी येऊ शकते. इंग्रजी वाक्याला सरळ येते, मराठीला दरवेळी येईलच असं नाही. बहुतेक जण इथे हसून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. माझ्या मते या सगळ्या खेळातली सगळ्यात सुंदर वाट या वाकड्या चौकटीतून निघते.

चौकट वाकडी का येते? ओळ किती लांब आहे हे प्रोग्राम मोजतो आणि तेवढी रेघ काढतो. त्याच्या मोजणीत डोक्यावरची मात्रा, पायातला उकार, अनुस्वार, जोडाक्षरातली पाय मोडल्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. पडद्यावर मात्र त्यांना वेगळी जागा लागत नाही, ती आधीच्या अक्षरावर किंवा अक्षराखाली बसतात. मोजलेली लांबी आणि दिसणारी लांबी यांचा मेळ बसत नाही.

हे आकड्यांत बघायचं असेल तर 'नमस्कार' हा शब्द मोजा. मोजायची कमांड आहे 'डब्ल्यूसी'. तिच्या एका पर्यायाने बाइट मोजले जातात, दुसऱ्याने चिन्हं. शब्द तसाच पुढे पाठवणाऱ्या 'एको' (ई-सी-एच-ओ) या कमांडला वजा 'एन' जोडून शब्द द्या, म्हणजे ओळ संपल्याची खूण मोजणीत येणार नाही. बाइट येतील 21. चिन्हं येतील 7: न, म, स, पाय मोडल्याची खूण, क, काना, र. आणि मुलीला विचारलं तर ती म्हणेल 4: न, म, स्का, र. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यूनिकोडच्या रोजच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून सात त्रिक एकवीस. पण 'अक्षर' म्हटल्यावर आपण जे समजतो, त्याचा संगणकाला पत्ताच नाही. ते त्याला आपण शिकवायचं.

मग हाच शब्द 'रेव्ह' (आर-ई-व्ही) या कमांडला द्या. ती ओळ उलटी करून देते. 'नमस्कार' उलटा केला की येतो 'राक्समन'. एखाद्या राक्षसाच्या चुलत्याचं नाव वाटावं असा शब्द. आपण माणसं तोच शब्द 'रस्कामन' असा उलटा केला असता. का वेगळं आलं? कमांडने सात चिन्हं उलट क्रमाने मांडली आणि र च्या पुढे काना आला, क आणि स यांचा जोड उलटा झाला.

आता खरा खेळ. उलटसुलट कसंही वाचलं तरी तेच राहणारी वाक्यं आपण लहानपणी एकमेकांना घालायचो: 'रामाला भाला मारा', 'टेप आणा आपटे', 'ती होडी जाडी होती', 'चिमा काय कामाची'. मुलीला सांगा, दिलेलं वाक्य असं आहे की नाही हे ओळखणारा प्रोग्राम लिही. भाषा पायथन घ्या, मिंटमध्ये ती आधीपासून असते.

पहिला प्रयत्न सगळे सारखाच करतात: शब्द उलटा कर, मूळ शब्दाशी ताडून बघ. 'नयन' दिलं की प्रोग्राम 'हो' म्हणतो, आणि आनंद होतो. मग 'मध्यम' द्या. प्रोग्राम 'नाही' म्हणतो. म, ध्य, म असा तो शब्द उघडउघड दोन्हीकडून सारखा, तरी 'नाही'. 'डालडा'लाही 'नाही', आणि 'रामाला भाला मारा'लाही. या जागी तिला घाईने उत्तर सांगू नका. तिला चहा करून द्या आणि कागदावर 'मध्यम'ची पाच चिन्हं सुटी लिहायला सांगा.

तिला जे सापडायचं आहे ते असं. वाक्यातली चिन्हं एकेक करून घ्यायची आणि त्यांचे गट करायचे. चिन्ह जर काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा पाय मोडल्याची खूण असेल, तर ते मागच्या गटाला चिकटवायचं. मागचा गट पाय मोडलेल्या व्यंजनाने संपत असेल, तर आताचं व्यंजनही त्यालाच चिकटवायचं. नाहीतर नवा गट सुरू. मोकळ्या जागा टाकून द्यायच्या. मग गटांची यादी उलटी करून ताडायची. एवढंच. पंधराएक ओळींत बसतं. कुठलं चिन्ह चिकटणारं आहे याची यादी हाताने करता येते, पण पायथनच्या 'यूनिकोडडेटा' या भागाला विचारलं तर तो प्रत्येक चिन्हाचा वर्ग सांगतो आणि चिकटणाऱ्या सगळ्यांचा वर्ग 'एम' या अक्षराने सुरू होतो. पहिल्यांदा यादी हातानेच करू द्या, त्यात बाराखडी नव्याने दिसते.

हा प्रोग्राम चालला की 'चिमा काय कामाची' देऊन बघा. तो 'नाही' म्हणेल, कारण सुरुवातीला ऱ्हस्व चि आहे आणि शेवटी दीर्घ ची. कानाला हे वाक्य चालतं, कागदावर चालत नाही. आता ऱ्हस्व-दीर्घ एकच मानायचं की नाही, हा निर्णय संगणकाचा नाही, तुमच्या घरातला आहे. आमच्याकडे यावर जेवणाच्या ताटावर अर्धा तास वाद झाला होता. मी कानाच्या बाजूने होतो.

एक व्यावहारिक सूचना. बऱ्याच टर्मिनलांत देवनागरी नीट उमटत नाही, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. प्रोग्राम चुकला असं समजू नका. उत्तर फाइलमध्ये लिहून ती फाइल साध्या संपादकात किंवा ब्राउझरमध्ये उघडा, तिथे नीट दिसेल.

आता सावधगिरीचं थोडं, एकदाच सांगतो. मुलीसाठी वेगळं खातं काढा आणि 'सुडो' फक्त नवं काही बसवताना वापरा. इंटरनेटवर 'हे टाइप करून बघा, मजा येईल' म्हणून दिलेली कमांड समजल्याशिवाय चिकटवू नका, त्यातल्या काही घरचे सगळे फोटो पुसणाऱ्या असतात. काही सुटलं की कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचं, ते आवरतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका सर्व्हरवर 'यस' नावाची कमांड चालवली होती. ती फक्त वाय हे अक्षर ओळीमागून ओळ छापत राहते, न थांबता. मी ते छापणं फाइलमध्ये वळवलं आणि जेवायला गेलो. परत येईपर्यंत डिस्क काठोकाठ भरली होती आणि त्या दिवसाच्या नोंदी लिहायला जागा उरली नव्हती. तेव्हापासून कुठलीही न थांबणारी गोष्ट फाइलमध्ये वळवण्यापूर्वी ती किती ओळींनी थांबेल हे मी आधी ठरवतो. 'हेड' ही कमांड मध्ये घातली की हव्या तेवढ्या ओळींनंतर प्रवाह बंद होतो.

ती उभी रेघ, पाइप, तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडाव्यात तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत. ते प्रत्यक्षात यायला 1973 उजाडलं. केन थॉम्पसन यांनी ते एका रात्रीत बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिथले सगळे जण एका ओळीत काय काय जोडता येतं याच्या मागे लागले. ती चढाओढ अजून संपलेली नाही. मीही रविवारी तेच करतो.

घरबसल्या पाइपची मजा घ्यायची तर तुमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट घ्या. गटाच्या मेनूत संभाषण बाहेर काढायची सोय असते, त्यातून साधी मजकुराची फाइल मिळते. अँड्रॉइडवर साधारण प्रत्येक संदेशाची ओळ अशी असते: तारीख, वेळ, मग आडवी रेघ, मग नाव, मग दोन टिंबं, मग मजकूर. ही फाइल तुमच्या लॅपटॉपवरच ठेवा, कुठे चढवू नका, त्यात सगळ्यांचं खासगी बोलणं आहे.

प्रश्न असा घ्या: गटावर सगळ्यात जास्त 'शुभ सकाळ' कोण म्हणतं? सगळ्यांना उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं, पण मोजलेलं कुणीच नसतं.

पहिली नळी 'ग्रेप' (जी-आर-ई-पी). ती 'शुभ सकाळ' असलेल्या ओळी तेवढ्या पुढे सोडते. दुसरी नळी 'कट', आडव्या रेघेवर ओळ तोडायची आणि दुसरा तुकडा ठेवायचा, म्हणजे नावापासून पुढचं उरतं. परत 'कट', आता दोन टिंबांवर तोडून पहिला तुकडा. उरली नुसती नावं, एकाखाली एक: आत्या, बाबा, आत्या, सुमनकाकू, आत्या. चौथी नळी 'युनिक' (यू-एन-आय-क्यू), वजा 'सी' लावून. ती सारख्या ओळी एकत्र करून किती आल्या ते सांगते.

चालवलं की गोंधळ दिसेल. आत्या एकदा नाही, चाळीस वेळा येईल, प्रत्येक वेळी 1 किंवा 2 असा आकडा. कारण 'युनिक' फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच एकत्र करते, लांबच्या ओळी तिला आठवत नाहीत. म्हणून तिच्या आधी 'सॉर्ट' घालायचं, म्हणजे सगळ्या आत्या एकापाठोपाठ येतात. आणि शेवटी आणखी एक 'सॉर्ट', आकड्यांनुसार, मोठा आधी. झालं.

इथे थांबून बघा काय घडलं. सहा छोट्या कमांडा, प्रत्येकीला एकच काम येतं, एकीलाही व्हॉट्सॲप काय किंवा आत्या काय ते माहीत नाही. तरी उत्तर आलं, आणि ते जगात आधी कुणाकडे नव्हतं. मला हे आजही फार सुंदर वाटतं. पुढचे प्रश्न मग आपोआप सुचतात: रात्री बारानंतर कोण जागं असतं, 'जेवलात का' महिन्यातून किती वेळा विचारलं जातं. शोधा.

मध्ये एक लहानसं वळण घेतो. 'कॅल' (सी-ए-एल) लिहा, पुढे 9 आणि 1752. सप्टेंबर 1752 चं पान येईल आणि त्यात 2 तारखेनंतर थेट 14 तारीख असेल. ही प्रोग्रामची चूक नाही. ब्रिटनने त्या महिन्यात जुनं कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन घेतलं आणि अकरा तारखा वगळल्या. पोर्तुगालने हाच बदल 1582 मध्ये केला होता. म्हणजे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या कागदांवर आणि वसईच्या पोर्तुगिजांच्या कागदांवर एकाच दिवसाच्या तारखांत अकरा दिवसांचं अंतर होतं. मुलीला इतिहास आवडत असेल तर या एका पानावरून ती बरीच लांब जाईल.

'बीएसडीगेम्स'मध्ये 'नंबर' नावाचा एक प्रोग्राम आहे, आकडा दिला की तो इंग्रजी शब्दांत लिहून देतो. त्याची मराठी आवृत्ती लिहायला घ्या. इंग्रजीला तीसेक शब्दांत सगळं भागतं, कारण वीसच्या पुढे नुसतं जोडत जायचं असतं. आपल्याकडे एकोणपन्नास, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, प्रत्येकाचं रूप स्वतंत्र, म्हणून नव्व्याण्णवपर्यंतची पूर्ण यादी हाताने भरावी लागते. वर शंभर, हजार, लाख, कोटी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, आठवत असेल. दोन्ही पद्धतींनी प्रोग्राम लिहून बघा. एकात यादी लांब आणि नियम सोपा, दुसऱ्यात यादी आखूड. वाद काय होता हे मुलीला आतून कळेल.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते सांगतो. द. रा. कापरेकर. जन्म 1905, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, पुढची नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तराची. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. ते आकड्यांशी खेळत राहिले आणि त्या खेळातून निघालेली नावं आज जगभरच्या गणितात आहेत. संगणक त्यांच्या हाताशी नव्हता. कागद आणि पेन्सिल होती. आपल्यापुढे त्यांचा सगळा खेळ परत खेळायची सोय आहे, आणि छंदाच्या प्रोग्रामिंगसाठी याहून चांगलं काही मला आजवर सापडलेलं नाही.

1949 मध्ये त्यांनी मांडलेली गंमत अशी. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठा आकडा करा, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान. मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या आकड्याला परत तेच. जास्तीत जास्त सात पावलांत तुम्ही 6174 वर पोचता आणि मग तिथेच राहता.

त्यांचं जन्मवर्षच घेऊ. 9510 वजा 0159, 9351. मग 9531 वजा 1359, 8172. मग 7443. मग 3996. मग 6264. मग 4176. मग 7641 वजा 1467, आणि आलं 6174. पुरती सात पावलं.

पायथनमध्ये याला दहा ओळीही लागत नाहीत: आकड्याचा शब्द कर, अंक लाव, उलटे लाव, वजा कर, 6174 येईपर्यंत फिरत राहा, पावलं मोज. पण एक खड्डा आहे आणि त्यात पडणं चांगलं. 1000 देऊन बघा. 1000 वजा 0001 म्हणजे 999. प्रोग्रामला तो तीन अंकी दिसतो, 999 वजा 999 शून्य, आणि कापरेकर चुकले असं वाटतं. ते चुकले नाहीत. त्यांनी कागदावर 0999 लिहिलं असतं, पुढचं शून्य सांभाळलं असतं, आणि 9990 वजा 0999 करून 8991 वर गेले असते. शून्य टाकून दिलं आपण. चार अंक भरून घ्यायची एक छोटी दुरुस्ती केली की सगळं जुळतं. ही चूक मुलीला स्वतः सापडली तर ती तिला दहा वर्षांनीही आठवेल.

आता सगळे आकडे एकदम. 'सेक' (एस-ई-क्यू) ही कमांड 1000 पासून 9999 पर्यंत आकडे एकाखाली एक छापते. ते पाइपने तुमच्या प्रोग्रामला द्या, प्रोग्रामने प्रत्येकासाठी फक्त पावलांची संख्या छापावी. चारही अंक सारखे असलेल्या नऊ आकड्यांना तेवढं वगळायला सांगा, नाहीतर तो तिथेच अडकेल. पुढे 'सॉर्ट', पुढे 'युनिक' वजा 'सी'. ओळखलंत? आत्याची शुभ सकाळ मोजली तीच नळी. क्षणात तक्ता येतो. सगळ्यात मोठा गट तीन पावलांचा, 2124 आकड्यांचा. सात पावलं लागणारे 1980. मधले गट मी सांगत नाही, पण सगळ्यांची बेरीज 8991 यायला हवी. नाही आली तर खड्डा अजून बुजलेला नाही.

कापरेकरांकडे आणखी पुष्कळ आहे. 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 परत 45. 297 चा वर्ग 88209, 88 अधिक 209 परत 297. अशा आकड्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात, एक लाखाच्या आतल्या सगळ्या शोधायला सांगा. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' नाव दिलं, आनंद देणाऱ्या. डोंबिवलीचं जुनं नाव डेमलो, त्या स्थानकावरून त्यांनी आणखी एका प्रकाराला 'डेमलो संख्या' म्हटलं. 'बीसी' ही आकडेमोडीची कमांड उघडून नऊ एकांचा वर्ग करा, 12345678987654321 असा डोंगर दिसेल. मग दहा एकांचा करा आणि डोंगराच्या माथ्यावर काय मोडलं ते बघा.

चार अंकी झालं की मुलगी विचारेलच, पाच अंकी घेतले तर? तोच प्रोग्राम, पाच अंक भरायची दुरुस्ती करून चालवा. तो थांबणारच नाही. ती म्हणेल अडकला, तुम्ही म्हणाल लॅपटॉप जुना झाला. कंट्रोल सी दाबा आणि प्रत्येक पावलाचा आकडा छापायला सांगा. काही ठिकाणी 53955 आणि 59994 आळीपाळीने येताना दिसतील, एकातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला. पाच अंकांना एकच मुक्काम नाही, ते फेऱ्यांत फिरत राहतात. अशा एकूण तीन फेऱ्या आहेत. ही दोन आकड्यांची झाली, उरलेल्या दोन प्रत्येकी चार आकड्यांच्या आहेत. आलेला आकडा आधी येऊन गेलाय का हे प्रोग्रामला लक्षात ठेवायला शिकवलं की त्याही सापडतील. त्या मी इथे लिहीत नाही, तिच्यासाठी ठेवतो.